जवान ऐकतात, घर ऐकत नाही

मागच्या अंकात संपादकांनी माझी ओळख छापून प्रश्न मागवले आणि तीन आठवड्यांत बावीस पत्रं आली, पेडण्यापासून काणकोणपर्यंतची. ज्यांनी तो अंक पाहिला नसेल त्यांच्यासाठी दोन ओळी. मी बांदोड्याची. १९८१ साली मुंबईच्या ‘अश्विनी’ या नौदलाच्या रुग्णालयात परिचारिकेचं शिक्षण घ्यायला गेले, मिलिटरी नर्सिंग सर्व्हिसमध्ये लेफ्टनंट म्हणून लागले आणि लेफ्टनंट कर्नल होऊन घरी आले. बहुतेक पत्रांत २०२५ च्या मे महिन्याचा उल्लेख आहे, आणि ते साहजिकच आहे. २९ मे २०२५ ला नौदलाच्या दोन मुली ‘तारिणी’ या शिडाच्या होडीतून जगाला वळसा घालून मुरगाव बंदरात परतल्या आणि दुसऱ्याच दिवशी, ३० मेला, खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून, म्हणजे एनडीएतून, मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. त्या दोन दिवसांत आमच्या वाड्यावरच्या चार मुली माझ्या ओसरीवर येऊन बसल्या होत्या.

सगळ्या पत्रांना इथे जागा नाही. उरलेल्यांना पोस्टाने लिहीन.

मी बारावी सायन्सला आहे. एनडीएची परीक्षा द्यायची आहे. मैत्रिणी म्हणतात, मुलींना जागाच नसतात. घरचे म्हणतात, फार्मसी कर. काय करू? — एक विद्यार्थिनी, साखळी

जागा कमी असतात हे खरं. नसतात हे खोटं. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलींना या परीक्षेला बसू द्या असा आदेश दिला. २०२२ साली पहिल्या १९ मुली खडकवासल्याला पोचल्या: लष्कराच्या १०, हवाई दलाच्या ६, नौदलाच्या ३. २०२५ च्या मे महिन्यात त्या तुकडीतल्या १७ जणी बाहेर पडल्या. ते संचलन मी टीव्हीवर पाहिलं. मी तोंडं पाहत नव्हते, टाचा पाहत होते. तीनशेच्या वर पोरं एका ठेक्यात चालतात तेव्हा एखादी टाच उशिरा पडली की जाणत्या डोळ्याला लगेच दिसते. कॅमेरा अगदी जवळ जाईपर्यंत रांगेत मुलगी कुठली आणि मुलगा कुठला ते मला ओळखता आलं नाही.

आता कामाचं बोलू. ही परीक्षा यूपीएससी घेते, वर्षातून दोनदा, साधारण एप्रिलमध्ये आणि सप्टेंबरमध्ये. गणिताचा पेपर ३०० गुणांचा आणि सामान्य क्षमतेचा ६०० चा. तो ओलांडलास की निवड मंडळाची, म्हणजे एसएसबीची, पाच दिवसांची मुलाखत, तिलाही ९०० गुण. वय साडेसोळा ते साडेएकोणीस, म्हणजे तुझ्या हातात एकाहून जास्त संधी आहेत. नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं, तेव्हा बायोलॉजीच्या नादात गणित सोडलं नसशील अशी आशा करते.

फार्मसीचा फॉर्मही भर. त्यात काही वाईट नाही, आणि घरच्यांशी भांडायचा एक विषय कमी होईल. पण गणिताचे जुने पेपर आजपासून सोडवायला घे आणि सकाळी दत्तवाडीच्या दिशेने पळत जा, पाऊस असला तरी. एसएसबीत मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपं देऊन ओढा ओलांडायला सांगतात. आपल्या मुली तिथे गप्प राहतात. डोक्यात उपाय असतो, पण तो मोठ्याने सांगायची सवय नसते. सवय घरापासून कर. चवथीला गणपतीवर फळा-पानांची माटोळी बांधताना कोणी कुठे उभं राहायचं, दोर कोणी धरायचा, हे यंदा तू सांग.

आणखी एक गोष्ट, आणि ही कोणी सांगत नाही म्हणून मी आवर्जून सांगते. कुठल्या दारातून आत जातेस त्यावर पुढचं आयुष्य ठरतं. एनडीएतून गेलीस तर कायम कमिशन मिळतं, म्हणजे निवृत्तीपर्यंतची अधिकाऱ्याची नेमणूक. पदवीनंतर चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीतून, म्हणजे ओटीएतून, गेलीस तर आधी दहा वर्षं, मग हवं तर आणखी चार, आणि दरम्यान कायम होण्याची निवड. अधिकाऱ्याला पेन्शनसाठी वीस वर्षं लागतात. १९९२ साली दवाखान्याबाहेरच्या शाखांत पहिल्यांदा मुली घेतल्या तेव्हा त्यांना पाच वर्षांच्या बोलीवर घेतलं होतं. ती मुदत वाढत वाढत चौदावर आली आणि तिथे थांबली. चौदा वर्षं बर्फात आणि वाळवंटात काढून पस्तिशी-चाळिशीत पेन्शनशिवाय घरी परतलेल्या मैत्रिणी मी पाहिल्या आहेत. त्यांच्यासारख्याच काही जणी न्यायालयात गेल्या आणि १७ फेब्रुवारी २०२० ला लष्करातल्या स्त्रियांच्या कायम कमिशनचा निकाल लागला. नौदलाचा त्यानंतर बरोबर महिन्याने, १७ मार्चला. तुला आज जे दार सताड उघडं दिसतं ते त्यांनी रेटलेलं आहे. सहीच्या आधी अटींचा प्रत्येक शब्द वाच.

‘तारिणी’ आमच्या दिवाडीत बांधली. दोन्ही फेऱ्या गोव्यातून निघाल्या, गोव्यातच संपल्या. पण होडीवर गोव्याची मुलगी एकही नाही. असं का? — एक वाचक, दिवाडी

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. हा प्रश्न मलाही सलतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जुन्या गोव्याहून फेरीबोटीने पलीकडे उतरलं की दिवाडी बेट. तिथे रत्नाकर दांडेकरांच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये आधी ‘म्हादई’ बांधली गेली, जिच्यावरून दिलीप दोंदे एकटे जग फिरून आले, आणि मग तिची धाकटी बहीण ‘तारिणी’. लांबी सतरा मीटर, डोलकाठी पंचवीस मीटर, सहा शिडं. १८ फेब्रुवारी २०१७ ला ती नौदलात आली. त्याच वर्षी १० सप्टेंबरला ‘मांडवी’ या नौदलाच्या तळावरून सहा जणी निघाल्या आणि २५४ दिवसांनी, २१ मे २०१८ ला परतल्या. कप्तान होत्या वर्तिका जोशी. त्यानंतर २०२४ च्या गांधीजयंतीला दिलना आणि रूपा, दोघीच. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केप टाउन असे चार मुक्काम करून २३८ दिवसांनी त्या मुरगावला लागल्या.

दोघीच म्हणजे काय, ते मी रुग्णालयातल्या रात्रपाळीवरून समजू शकते. एक जागी तर दुसरी झोपलेली. जी जागी असते तिच्या हातात सगळं: सुकाणू, शिडं, हवामान आणि दुसरीचा जीव. आम्हांला सकाळी सातला सुटका होती. त्यांना नव्हती.

आता तुमचं ‘का’. पहिल्या सहा जणींची गावं पाहा. वर्तिका जोशी ऋषिकेशच्या, प्रतिभा जामवाल कुलूच्या, पायल गुप्ता देहरादूनच्या, विजया देवी मणिपूरच्या. चौघींच्याही गावात समुद्र नाही. दुसऱ्या फेरीतल्या दिलनांचे वडील लष्करात होते, रूपांचे हवाई दलात. म्हणजे समुद्र अंगणात असण्याशी याचा काही संबंध नाही. घरात वर्दी टांगलेली कोणी पाहिली आहे का, याच्याशी आहे.

आणि इथे आपण मागे पडतो. घाट चढून पलीकडे गेलं की बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र. कोल्हापूर-साताऱ्याकडे घरटी एक फौजी असलेली गावं आहेत. शेजारच्या दोडामार्ग-सावंतवाडीतली पोरं भरतीला जातात. आपल्याकडे १९६१ पर्यंत पोर्तुगीज राज्य होतं, ती परंपराच रुजली नाही. गोंयकार बोटीवर जातो, पण व्यापारी बोटीवर. वर्दी आपल्याला दाबोळीच्या धावपट्टीवर आणि आल्तिनोच्या चढावर रोज दिसते, पण ती परक्याची वाटते. धाडसाची उणीव आपल्या बायकांत कधीच नव्हती. १९५५ ते १९६१ अशी सहा वर्षं सीमेवरच्या जंगलातून गुप्त नभोवाणी चालवणाऱ्या लिबिया लोबो सरदेसाई आपल्याच, आणि गोवा मुक्त झाल्याची बातमी विमानातून ध्वनिक्षेपकावर सांगणाऱ्याही त्याच.

तुम्ही दिवाडीचे आहात, तर एक काम करा. शाळेतल्या मुलींना ती होडी जिथे आकाराला आली ती जागा दाखवा. लाकूड आणि फायबर हाताला लागू द्या.

मी चाळीस वर्षं शिक्षक होतो. स्त्रियांबद्दल मला आदर आहे. परंतु खेड्यातून आलेले जवान बाईचा हुकूम मानतील का? आणि पायदळात त्यांना घ्यावे का? — एक निवृत्त मुख्याध्यापक, मडगाव

सर, आपण विचारलेलंच २०२० च्या त्या खटल्यात सरकारतर्फे मांडलं गेलं होतं: जवान बहुतांशी ग्रामीण भागातले, स्त्री अधिकाऱ्याचा हुकूम घ्यायला त्यांचं मन अजून तयार नाही. न्यायालयाने ते मानलं नाही. मी कायद्याची जाणकार नाही, म्हणून मी पाहिलेलं सांगते.

१९९९ चा उन्हाळा. मी कॅप्टन होते, उत्तरेतल्या एका लष्करी रुग्णालयात. कारगिलहून जखमी येत होते. आमच्या वॉर्डात तीस खाटा, आणि खाटांच्या मधल्या जागेत आणखी गाद्या. एका सुभेदार साहेबांच्या मांडीत तोफगोळ्याचे तुकडे गेले होते. मिशीला पीळ, वय माझ्याहून दहा वर्षांनी जास्त. पाय उशीवर वर ठेवायचा होता आणि ते दर तासाला खाली सोडून उठायला पाहत. पलटणीत परत जायचं होतं त्यांना. रात्री दोनच्या सुमारास मी त्यांच्या खाटेशी उभी राहिले, गुडघ्याखाली हात घालून पाय उचलला, उशी सरळ केली आणि म्हटलं, “साहब, सुबह तक ये पैर नीचे नहीं आएगा.” त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे. “जी सिस्टर.” एवढंच. सकाळी मी बघते तर पलीकडच्या खाटेवरच्या पोरावर तेच खेकसत होते: “सिस्टर ने बोला है, पैर ऊपर!”

तो पोरगा कोण, हेही सांगते. पाणी बदलताना माझ्या हातून भांडं निसटलं आणि तोंडून निघालं, “अगो बाय!” तो एकदम म्हणाला, “सावंतवाडी?” मी म्हटलं, “फोंडा.” “मग जवळच,” तो म्हणाला, आणि डोळे मिटून झोपला. दोडामार्गचा होता. हिमदंशाने डाव्या पायाची दोन बोटं गेली होती.

आपण म्हणाल, वॉर्ड म्हणजे रणांगण नव्हे. मान्य आहे. पण हुकूम कोण देतंय यापेक्षा देणाऱ्याला काम येतं का, हे जवान पाहतो, आणि ते त्याला पहिल्या दहा मिनिटांत कळतं. माझ्या सगळ्या नोकरीत एकाही जवानाने मी बाई म्हणून माझं ऐकलं नाही असं झालं नाही. ज्यांनी ऐकलं नाही ते माझ्या बरोबरीचे आणि वरचे होते, आणि घरचे.

पायदळ, रणगाडे आणि यांत्रिक पायदळ ही दारं स्त्री अधिकाऱ्यांना अजून बंद आहेत. बाकीची एकेक उघडत गेली. २०२१ मध्ये लष्करी पोलिसांत ८३ मुलींची पहिली तुकडी तयार झाली. त्या अधिकारी नव्हेत, शिपाई. माझ्या लेखी ती सगळ्यांत मोठी घटना आहे आणि तिच्यावर सगळ्यांत कमी लिहिलं गेलं. २०२३ च्या जानेवारीत कॅप्टन शिवा चौहान सियाचीनवर १५,६०० फुटांवरच्या कुमार चौकीत तैनात झाल्या. एप्रिलमध्ये तोफखान्यात पाच जणी आल्या. डिसेंबरमध्ये प्रेरणा देवस्थळी या मराठी मुलीच्या हाती नौदलाच्या ‘त्रिंकट’ या युद्धनौकेची सूत्रं दिली गेली.

पायदळाबद्दल माझं मत विचारलंत म्हणून सांगते. ओझं तेवढंच, अंतर तेवढंच, वेळ तेवढाच. जी पुरी उतरेल तिला घ्यावं. शंभरात एक उतरली तर एकीला घ्यावं. परीक्षा सोपी करू नये. तसं केलं तर त्या एकीचाच अपमान होईल, आणि तिच्या शेजारी लढणाऱ्याच्या जिवाशी खेळ होईल. पण परीक्षेलाच बसू न देणं मला पटत नाही.

मुलगी नौदलात अग्निवीर व्हायचं म्हणते. माझ्या जावा म्हणतात, हिचं लग्न कसं होणार? मला रात्री झोप येत नाही. तिथे ती सुरक्षित राहील का? — एक आई, काणकोण

बाई, आधी नोकरीचं. अग्निवीर चार वर्षांसाठी असतात. त्यांतल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच पुढे कायम होतात. बाकीच्यांना सेवानिधीची एकरकमी रक्कम मिळते, पेन्शन नाही. प्रशिक्षण ओडिशात चिल्का इथे. या चार वर्षांत लग्न करता येत नाही, तेव्हा तोवर हा विषय घरात निघायचं कारणच नाही. चार वर्षांनंतर काय करणार, हे मात्र तिला आत्ताच विचारा. शिक्षण बाहेरून पुरं करणार का? पैसे कशात घालणार? या प्रश्नांनी तुमची झोप उडाली तर ते योग्य आहे. जावांच्या बोलण्याने उडू नये.

सुरक्षिततेचं खोटं सांगणार नाही. जिथे माणसं आहेत तिथे वाईट माणूसही असतो. मलाही एकदा भेटला, माझ्याहून वरच्या हुद्द्यावरचा. मी तारीख, वेळ, शब्द असं सगळं कागदावर लिहिलं आणि वरिष्ठ मेट्रनच्या हातात दिलं. पंधरा दिवसांत त्याची पाळी बदलली, पुढे बदलीही झाली. फौजेत कागदाला किंमत आहे. मुलीला एवढं शिकवून पाठवा: घाबरलीस तरी लिही, आणि मला फोन कर, मी तुलाच दोष देणार नाही. हे शेवटचं वाक्य तिने तुमच्या तोंडून जाण्याआधी ऐकलं पाहिजे.

आणि लग्नाचं. माझं झालं. नवरा इथे फोंड्यात शिक्षक, मी कधी झाशी तर कधी जम्मू. मुलगा दोन वर्षांचा असताना मला कुटुंब नेता येणार नाही अशी बदली आली. तो सासूबाईंकडे राहिला. दोन वर्षांनी आले तेव्हा तो सासूबाईंना ‘आई’ म्हणत होता आणि मला ‘मुंबईची मम्मी’. तेव्हा मी मुंबईत नव्हतेच, पण त्याच्या लेखी गोव्याबाहेरचं सगळं मुंबई. मला ते लागलं आणि आजही आठवलं की लागतं. तरी पुन्हा निवडायचं झालं तर मी हेच निवडीन. मी हे तुम्हांला लिहिते कारण ‘काही होत नाही’ असं सांगणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवू नये. आता नियम बरेच बरे झाले आहेत. अधिकारी स्त्रियांना प्रसूतीची १८० दिवसांची पगारी रजा आणि सगळ्या नोकरीत मिळून ३६० दिवसांची बालसंगोपन रजा होती. २०२३ च्या नोव्हेंबरात तीच शिपाई, खलाशी आणि वायुसैनिक स्त्रियांनाही लागू करायचं ठरलं. तशी रजा मला असती तर मुलाने मला वेगळी हाक मारली असती.

एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट आहे. त्याचा उपयोग होतो का? — पदवीच्या शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी, फोंडा

होतो, आणि फार होतो. किमान ‘बी’ श्रेणी आणि पदवीला ५० टक्के असतील तर एनसीसी विशेष प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय थेट एसएसबी. वय १९ ते २५. पुढे चेन्नईचं ओटीए. जाहिरात वर्षातून दोनदा निघते, भारतीय लष्कराच्या भरतीच्या संकेतस्थळावर. तुझ्या अधिकाऱ्यांना विचार, ते सांगतील.

मुलीला नर्सिंग करायचं आहे. मिलिटरी नर्सिंग म्हणजे खरी फौज का? — एक वडील, म्हापसा

खरी. २८ मार्च १८८८ रोजी दहा परिचारिका मुंबई बंदरात उतरल्या तिथून आमची सुरुवात. दवाखान्याबाहेरच्या शाखांत मुली यायला त्यानंतर शंभर वर्षांहून जास्त लागली. आजच्या वर्तमानपत्रांत ‘पहिली महिला अधिकारी’ असं वाचलं की मला आमच्या गर्ट्रूड अ‍ॅलिस राम आठवतात. १९७६ साली त्या मेजर जनरल झाल्या, भारतीय सैन्यदलांतल्या त्या हुद्द्यावरच्या पहिल्या स्त्री. परिचारिका होत्या म्हणून त्यांचं नाव कोणाला ठाऊक नाही. आपल्या माधुरी कानिटकर २०२० साली लेफ्टनंट जनरल झाल्या तेव्हा निदान महाराष्ट्रात पेढे वाटले गेले. त्या डॉक्टर.

आता चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग असतं, पुण्यासह सहा ठिकाणी, प्रवेश ‘नीट’मधून. अविवाहित मुलींनाच घेतात. शिक्षण झालं की खांद्यावर दोन तारे, लेफ्टनंटचे. लोक तरीही तिला सिस्टरच म्हणतील. मला ती हाक कमीपणाची कधी वाटली नाही, पण कागदोपत्री हुद्दा लिहायचा राहिला तर तो लिहून घ्यायला तिला शिकवा.

मी नववीत आहे. मला नौदलात जायचं आहे. पण मला पोहता येत नाही. चालेल का? — बायणा, वास्को

चालेल. तुला अजून तीन-चार वर्षं आहेत, आणि प्रशिक्षणातही पोहायला शिकवतात. पण तू बायण्याची आहेस, समुद्राच्या काठावर राहतेस. कुलूच्या मुली शिकल्या, तू का थांबायचं? समुद्रात एकटी उतरू नकोस. जवळचा तरणतलाव शोध. पणजीला कांपाल इथे सरकारी तलाव आहे, फोंड्यालाही आहे. आईला म्हणावं, ह्या बाईंनी लिहिलंय. मे महिन्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा चवथ झाली की लगेच नाव घाल.